पंचवीस अंश

अवाली, बहारीन. एकोणीसशे चौऱ्याहत्तर.
कॉम्प्युटरच्या खोलीत स्वेटर घालावा लागे
आणि बाहेर डांबर बुटांना चिकटे.

सित्र्याच्या वाटेवर, वाळूत, आमची एक पेटी होती,
पाइपलाइनीतला दाब कळवणारी.
तिच्या बोलण्यात पंपांची गुणगुण मिसळे.
ती गाळायची: तीन कॉइल, चार कपॅसिटर, एक रेझिस्टर.
आठ आकडे ठरवायचे, बस.
सांगलीत असतो तर स्लाइडरूल घेऊन
पंधरा दिवस घालवले असते,
हे चिमूटभर वाढव, ते कमी कर,
अंदाजपंचे दाहोदरसे.
इथे यंत्र होतं.

कार्डं साराम्मा पंच करून द्यायची.
घाईत माझ्या हातून मराठी एक उमटे,
ती तो नऊ वाचायची.
एका रेघेपायी एक रात्र वाया.

यंत्राला मी एवढंच शिकवलं होतं:
उभा आहेस तिथून आठही दिशांना पाऊल टेकवून बघ,
चूक कुठे कमी होते. तिकडे सरक.
चढ लागला तर मागे ये, पाऊल अर्धं कर.
वीज गेल्यावर आपण जिना उतरतो तसं.

रात्री दोनला प्रिंटर खडखडला.
चाळीस. एकतीस. बावीस.
पोराच्या कपाळावरच्या पट्ट्या बदलत
थर्मामीटर वाचावा, तसा मी तो कागद वाचत गेलो.
अकरा. चार.
तीन पूर्णांक नऊ.
तीन पूर्णांक नऊ.
पुढे तेच, कागद संपेपर्यंत.
चुकीला उतार पडला होता.
साहेब म्हणाले, लावा.

ऑगस्टात पेटी खोटं बोलू लागली.

मर्हूनने जीप काढली.
डोक्यावरचा रुमाल हाताला गुंडाळून झाकण उघडलं,
आत थर्मामीटर ठेवला, मग माझ्यासमोर धरला.
एकाहत्तर.
माझा कागद मागितला. इंग्रजी तो बोटाने वाचायचा.
बोट एका ओळीवर थांबलं: तापमान, पंचवीस.
"हे कुणाच्या घरचं?"

सांगलीचंही नव्हतं ते.
पुस्तकाचं होतं.

परत स्क्रू आवळताना तो बापाबद्दल बोलला,
मला उद्देशून नाही, पेटीला सांगावं तसं.
बाप मोत्यांसाठी बुड्या मारायचा.
सगळ्यात खोल जागेसाठी भांडणारे वेगळे, त्यांच्या कानांतून रक्त यायचं.
बाप सपाट तळ शोधायचा.
होडी थोडी सरकली, दोर तिरपा झाला,
तरी हाताखाली शिंपले असायचेच.

त्या आठवड्यात मी यंत्राला वेगळंच विचारलं.
प्रत्येक भाग पाच टक्के इकडे घसरला तर? तिकडे घसरला तर?
आठ भाग, दोनशे छप्पन्न कोपरे,
एकदा दहा अंशांवर, एकदा ऐंशीवर.
प्रत्येक ठिकाणी सगळ्यात वाईट काय घडेल ते आधी मोज,
आणि ते वाईट कमी कर.

कार्डांचे चार ट्रे झाले.
साराम्माने चष्मा काढून ठेवला.
"सगळं वाईट एकदमच घडेल, असं का धरता?"
धरून चालायचं असतं, मी म्हणालो.
ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली,
"घरचं पत्र लांबलं की मीही हेच करते.
माझे कोपरे एवढे नसतात."

अकरा रात्रींनी उत्तर आलं. सहा पूर्णांक दोन.
साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.
"एवढं यंत्र वापरून आकडा वाढला?"
हो, म्हटलं. वाढला.

जानेवारीत सहा.
पुढच्या ऑगस्टात सहा.

ते पंचवीसचं कार्ड मर्हूनने मागून घेतलं,
चार घड्या घातल्या
आणि वर्कशॉपच्या लंगड्या टेबलाखाली सरकवलं.
टेबल तरीही थोडं हलायचं.
चहा सांडत नसे.