वऱ्हाडी मंडळींसाठी, सेनोबिया मावशीकडून

अंतोफागास्ताहून येणाऱ्या मंडळींनो,
तुमच्या वाळवंटात पाऊस पडला तर म्हणे वर्तमानपत्रात छापतात.
आमच्या चिलोए बेटावर तो थांबला
तर आम्ही शेजाऱ्यांची दारं ठोठावतो.
छत्री आणू नका. वारा तिची चाळण करतो.
लोकरी मोजे आणा, नाहीतर माझ्याकडे घ्या,
फुकट नव्हेत, पण तुम्ही आता सोयरे,
निम्म्या दरात.

फेरीबोटीत गाडीच्या काचा लावून बसू नका.
कठड्याशी उभे राहा. समुद्रसिंह दिसला तर दिसला,
एम्पनाडा विकणारी बाई नक्की दिसेल.
चीजचे घ्या. दुसरे कशाचे असतात, तिलाही ठाऊक नाही.

कास्त्रोचं चर्च बाहेरून पत्र्याचं, पिवळं नि जांभळं,
हसू आलं तर हसून घ्या, मग आत जा.
आत सगळं लाकूड.
मान वर करा : पालथी होडी.
आमच्या सुतारांना दुसरं काही बांधताच येत नव्हतं.

जेवायला दाल्काउएचा बाजार, रोसाल्बाचा गाळा, शेवटून दुसरा.
मिल्काओ मागा,
कच्चा बटाटा नि उकडलेला बटाटा एकत्र मळलेला,
आत चरबीचे कुरकुरीत तुकडे.
सामन मागू नका.
आमच्या घरातली तिघं त्या कारखान्यात राबली,
जेवताना तो विषय नको.

खांबांवरची घरं बघायची तर भरतीच्या वेळी.
ओहोटीला खालचा चिखल उघडा पडतो.
लक्तरं टांगायला आम्हाला वेस नाही,
समुद्र आहे, तो दिवसातून दोनदा दाखवतो नि दोनदा झाकतो.

लाल घर नि हिरवं घर, मधे एक फट दिसेल,
बरोबर एका घराएवढी.
तिथून खाडी सुंदर दिसते, प्रवासी तिथेच फोटो काढतात.
तुम्हीही काढा,
फक्त नवरीच्या आईला दाखवू नका.

ऑर्फेलिना नवऱ्याला म्हणाली होती, चालता हो.
एलिसेओ घर घेऊन चालता झाला.
घर त्याच्या बापाचं, कायदा त्याच्या बाजूचा :
चार मोठ्या होड्या, पौर्णिमेची भरती, दोर, चाळीस माणसं
(दोर ओढणाऱ्यांत माझा नवराही होता, ते एक वेगळंच भांडण).
खिडक्यांचे पडदे तसेच. चुलीवर किटली तशीच.
यानिना सात वर्षांची, धक्क्यावर उभी राहून हात हलवत होती,
घराला की बापाला,
कुणी विचारलं नाही.
खांब उरले. त्यांवर पाणकावळे पंख वाळवतात.
ऑर्फेलिना तेव्हापासून माझ्या माडीवर.

लग्न त्याच घरात आहे,
पलीकडच्या किनाऱ्यावर. मुलीचा हट्ट.

तर शनिवारी होडी दहाला सुटेल.
निळ्या कोटातली, ताठ बसलेली, ती माझी बहीण.
तिला मधे घ्या, दोन्ही बाजूंनी बोलत राहा.
तुमच्या खाणींबद्दल सांगा, पाण्याच्या टँकरबद्दल,
रात्री तिकडे म्हणे तारे इतके की झोप येत नाही,
ते सांगा. खोटं असलं तरी चालेल.
वीस मिनिटांचा प्रश्न आहे.

पंगत अंगणात. कुरान्तोचा खड्डा पहाटेच पेटतो,
तापल्या दगडांवर शिंपले, डुक्कर, बटाटे,
वर नाल्काची पानं, वर हिरवळीची ढेकळं.
झाकण काढताना वाऱ्याच्या बाजूला उभे राहू नका.
जो शिंपला आपणहून उघडला नाही
त्याला सुरी लावू नका, बाजूला ठेवा.

किटली कुठे आहे, असं तिनं विचारलं
तर तुम्हाला माहीत नाही.
(आहे तिथेच आहे. गेल्या मंगळवारी जाऊन मी घासून आले.)

रविवारी सगळी दुकानं बंद.
पाव लागला तर नेल्दाच्या मागच्या दारावर दोनदा ठोका,
तिसऱ्यांदा ठोकलं तर कुत्रा येतो.
मोजे जिन्याखालच्या टोपलीत आहेत.
पैसे बशीत ठेवा.