अडीच

लांबून बघाल तर शेळी गुबगुबीत आहे.
पोट दोन्ही कडांना फुगलेलं, केस काळे, दाट,
कानांवर पांढरे ठिपके, म्हणून नाव कवडी.
पण पोटाचं ऐकू नये.
पोट म्हणजे सकाळी चरलेलं
आणि सात वेतांनी सैल केलेलं;
ते कुणाच्याही बाजूनं साक्ष देतं.

सोलापुरात दोन दिवसांच्या प्रशिक्षणात
आम्हाला सांगितलं होतं, डोळे मिटा.
मी मिटले, तर बाकीच्या बायका हसल्या.
घेरडीत, केराबाई गडदेच्या अंगणात
कोंबड्यांखेरीज कुणी बघत नाही.
मी डोळे मिटते.
शेवटच्या बरगडीच्या मागं, खुब्याच्या अलीकडं
हात ठेवते.

मधला कणा. बोटाखाली मणके मोजता येतात,
टोकं बोथट झालेली, तरी वेगळी वेगळी.
कडेला आडवी हाडं,
त्यांच्या खाली बोट जातं
अर्धं पेर, त्याहून जास्त नाही.
अंगठा आणि बोटांच्या मध्ये जे काही मांस सापडतं
ते धुवून धुवून विरलेल्या वाकळेसारखं,
आहे, पण पलीकडचं कळतं.

मग छाती.
उकिडवं बसून पुढच्या दोन पायांमधून हात घालावा लागतो.
तिथली गादी चिमटीत धरायची, हलते का बघायचं.
हलते. थोडी.

खालचा ओठ दाबला:
पुढचे दोन दात गेलेत,
उरलेले लांब, विरळ, कुंपणाच्या डांबांसारखे.
दावणीखाली कडब्याच्या ओल्या गुंडाळ्या पडल्यात,
चघळलेल्या, गिळता न आलेल्या.
हे मी येतानाच बघायला हवं होतं.

"किती भरली?" केराबाई विचारते.
फॉर्मवर एक ते पाच आकडे छापलेत.
एक म्हणजे नुसती हाडं, पाच म्हणजे लोणी.
दोन आणि तीनच्या मध्ये फक्त छपाईची रेघ.
दोन लिहिलं तर साहेब म्हणतील, काढून टाका.
तीन लिहिलं तर म्हणतील, बोकड दाखवा.
कवडी त्या रेघेवर उभी आहे
आणि माझ्या ओढणीचं टोक खातेय.

"सर बाजूला, उज्वले."
केराबाईचा हात कमरेवर जात नाही,
सरळ शेपटीच्या मुळाशी जातो,
तिथून दोन्ही अंगांच्या खळग्यांत,
कणगीत हात घालून
किती ज्वारी उरली ते बघावं तसा.
"रोज मूठभर सरकी कमी पडतीया," ती म्हणते,
"आन बाभळीच्या शेंगा कुटून द्याय पायजेत.
चाववंना तिला."
मग हात न काढताच,
"गेल्या साली तीन पिल्लं. तिन्ही हिनंच पाजली.
एकाला तर मी बाटली आणलीवती, घेतली न्हाई त्यानं."

मला आकडा हवा होता.

सांगोल्याला रविवारी
व्यापारी असाच हात फिरवतात, याच हाडांवरून,
आणि भाव रुमालाखाली बोटांनी करतात.
त्यांचा हात चुकत नाही, हेही खरंच.
त्यांना किलो कळतात.
गेल्या महिन्यात एक जण इथवर आला होता,
केराबाईनं त्याला पाणी दिलं
आणि कवडी ओढ्याला गेलीय म्हणून सांगितलं.
कवडी तेव्हा गोठ्यात खोकत होती.

मी पेन काढलं.
दोनला गोल केला नाही, तीनला केला नाही,
मधल्या रेघेवर एक टिंब दिलं,
आणि शेऱ्याच्या जागेत बारीक अक्षरात:
यंदा बोकड नको. सरकी वाढवणे. शेंगा कुटून.
दोन महिन्यांनी पुन्हा हात लावून बघणे.
साहेबांना टिंब म्हणजे शाईचा डाग वाटला तर
विचारतील. विचारू देत.

परतताना डाळिंबाच्या बागांच्या तारा
एकामागून एक मागं जात होत्या,
तळहाताला शेळीचा वास होता,
आणि स्कूटीच्या मुठीवर
माझा अंगठा उगाचच
हाडाची कड चाचपत होता.