सरासरी

बावन्न किलोमीटर, जाऊन-येऊन.
ऐरोली सेक्टर पंधरा ते तळोजा एमआयडीसी,
गुणिले सव्वीस दिवस.
कॅलेंडरच्या पाठीमागे मी हे इतक्यांदा मांडलं
की गेल्या वर्षीचा फाल्गुन आकड्यांनी भरून गेला.

पेट्रोल, सीएनजी, बॅटरी.
बॅटरीला आमच्या सोसायटीत प्लग नाही.
प्लगला ठराव लागतो,
ठरावाला कोरम,
आणि कोरमला पुढचा जन्म.

उदय म्हणाला, डिकीत सिलिंडर बसला
की बॅगा कुठे ठेवायच्या?
मी म्हटलं, जातोय कुठे आपण?
तो हसला.
मग जरा वेळ कुणीच काही बोललं नाही.

लॅबमधल्या कडलगचा सल्ला:
मॅडम, मायलेज विचारा,
पण विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत विचारा.
तुर्भ्याच्या एजंटचं तोंड गोड होतं, गाडीखाली ऑइल.
घणसोलीची एक अगदी नव्यासारखी,
मॅटखाली बोट घातलं
तर बोटाला खाडी लागली.

मग नेरूळचे चौलकर.
राखाडी गाडी, नऊ वर्षांची.
डाव्या दारावरचा ओरखडा त्यांनी आधी दाखवला,
चावी नंतर.
किंमत सांगायच्या आत ग्लव्ह बॉक्समधून वही काढली.
तारीख, किलोमीटर, किलो, रुपये, सरासरी.
चोवीस सहा. चोवीस आठ.
पंचवीसला टेकली तिथे बारीकशी बरोबरची खूण.
गोदीत हिशेबनीस होतो, म्हणाले,
जणू माफी मागत असावेत.

पानं उलटताना मध्येच
सतरा एक.
सोळा नऊ.
सोळा चार.
सलग अडीच महिने.
रीडिंग असं घसरलं की मला राहवत नाही.
इथे इंजिनचं काम निघालं होतं का?

त्यांनी बोट सरकवलं शेवटच्या रकान्यावर,
जो मी पाहिलाच नव्हता.
शेरा: सुलभा. परळ. ए.सी. चालू. हळू चालवली.
पुढच्या ओळीत, वरीलप्रमाणे.
त्याच्या पुढे, वरीलप्रमाणे.
पानभर वरीलप्रमाणे.
मग एक ओळ कोरी.
मग चोवीस सहा.

दहा हजार तरी कमी करून घ्यायचे ठरवून आलो होतो.
उदय माझ्या पायावर पाय देत होता.
मी वाकून टायर बघितले,
बघण्यासारखं काही नव्हतं टायरमध्ये.
सांगितले तेवढे दिले.

आता पहाटे साडेपाचला महापेच्या पंपावर रांग.
नळी लावताना सगळ्यांना खाली उतरवतात,
मग उभे असतो आम्ही आपापल्या गाडीपासून
चार पावलांवर, पाहुण्यासारखे.
रिक्षावाले, डबे घेतलेले, एक बाई झोपलेलं पोर खांद्यावर टाकून.
ही वीस मिनिटं
मी कॅलेंडरमागे कुठेच धरली नव्हती.

वही त्यांनी परत मागितली नाही.
निळ्या शाईखाली माझं काळं बॉलपेन.
बावीस तीन. बावीस सात.
क्लचवर पाय ठेवून चालवता तुम्ही, कडलग म्हणतो.
असेल.

परवा एकोणीस आली.
शिळफाट्याला ट्रक आडवा, दोन तास,
आणि मागच्या सीटवर कडलगच, तापाने फणफणलेला.
कळव्यापर्यंत सोडलं त्याला.
शेऱ्यात एवढंच लिहिलं: ए.सी. चालू.
लिहून झाल्यावर वरची पानं
उलटून बघितली नाहीत.

नळी निघाली.
ताई, पुढे घ्या, मागे लाइन आहे.