हाडांचा हिशेब

व्याही फुलेवाडीचे. पहिलंच जेवण.
अडीच किलो मटण, तांबडा, पांढरा,
आणि शेवटी ताटांत उरलेल्या नळ्या,
चोखून चोखून गुळगुळीत,
ज्या मी मोरीतल्या बादलीत टाकल्या
आणि झाकण ठेवायचं विसरले.

आवाज फार मोठा नव्हता.
वाळलेला ऊस मोडावा तसा,
एकदा, दोनदा.
मग नुसतं गिळणं.

ढबू बादलीशेजारी उभा,
कान मागं,
रश्श्यानं लाल झालेली मिशी चाटत.

"मिठाचं पाणी पाजा, भडाभडा ओकंल,"
व्याही म्हणाले, उष्ट्या हातानंच.
"एरंडेल द्या," समोरच्या तालमीतला सर्जेराव.
धाकटा घशात बोटं घालायला निघाला.
विहीणबाई पान लावत होत्या:
"आमच्याकडं रोज खातात की कुत्री. काय हुतंय?"

डॉक्टर शिकलगार फोनवर जेवत होते.
घास संपवून म्हणाले,
"शिजलेलं हाय न्हवं? मग त्याचा फुटून खिळा हुतोय.
आत गेलंय ते वर वढाय जाऊ नका,
येताना नळी फाडंल.
धाप लागलीया? लाळ गळालीया?
हिरड्या बघा. गुलाबी? बरं.
सकाळी आणा, फोटो काढू.
पोट ताठलं, ओकाय लागला,
तर रात्रीच या. दार वाजवा."

रात्रभर मी फरशीवर, त्याच्या पाठीला पाठ.
तासातासाला बॅटरी लावून ओठ वर करायचा,
अंगठ्यानं हिरडी दाबायची.
पांढरी पडते.
परत रंग येतो.
पोटावर हात: मऊ.
आत काहीतरी सरकत होतं, सावकाश,
पहाटे मंडईत शिरणाऱ्या गाड्यांसारखं.

सोमवारी शाहूपुरीत,
काळ्या कागदावर, बरगड्यांच्या मागं,
चार पांढरी कुसळं.
"खाली सरकाय लागल्यात.
मऊ भात घाला, आणि पडंल ते बघत ऱ्हावा."

मंगळवारी काही नाही.
बुधवारी उजाडताना, रंकाळ्याच्या कडेला
मी काडीनं उकरत बसले होते.
खडूसारखा भुगा,
नखाएवढी एक कपची.
रक्त नाही.
"सापडलं!" मी ओरडले.
फिरायला आलेल्या दोघी थांबल्या.
त्यांना वाटलं, कानातलं.

महिन्यानं व्याही परत आले.
ताटं उचलताना मी मोजते आता.
विहीणबाईंकडं सहा, व्याह्यांकडं सात,
जावयाच्या ताटात चार.
वाढलेल्या पाच होत्या.
"एक कुठाय?"

सगळे गप्प. जावई नवा, लाजरा.
टेबलाखालून हात वर आला,
मूठ उघडली.
ढबू त्याच्या गुडघ्याशी, मान वर करून,
देवाकडं बघावं तसा बघत होता.

"अख्ख्या कोल्हापुरात," व्याही म्हणाले,
"पाव्हण्यांची हाडं मोजणारं घर आजच बघितलं."
"रस्सा वाढू का आणखी?" मी विचारलं,
आणि बादलीच्या झाकणावर
वरवंटा ठेवला.