चौतीस नंबरचा बूट

दर ऑक्टोबरात मी फळ्या मोजते.
पार्किंगपासून मनोऱ्यापर्यंत, मनोऱ्यापासून झोपडीपर्यंत,
कुठली कुजली, कुठली नुसतीच कुरकुरते,
कुठला खिळा डोकं वर काढून
कुणाच्या तरी टाचेची वाट बघतो.
खडूने फुली. पुढे.

फळीखाली जमीन नाही, हे नवख्यांना पटत नाही.
सहा मीटर शेवाळ, त्याखाली त्याहून जुनं शेवाळ.
वर्षाला एक मिलिमीटर वाढतं –
आपल्या पगारासारखं, उर्मास म्हणायचा.
कमरेइतके पाइन, वयाने दीडशेच्या पुढे,
आणि धुक्यात कुठेतरी क्रौंचांचा गलका,
निघायची तारीख ठरत नसल्यासारखा.

ही जागा कुणाची? लोक विचारतात.
सगळ्यांची, म्हटलं की जरा बिचकतात,
आवाज खाली आणतात.

झोपडीला कुलूप नाही.
लाकडं सरकारची, कुऱ्हाड साखळीला बांधलेली.
साखळी तीनदा चोरीला गेली.
कुऱ्हाड जागेवर.
नियम एकच: निघताना पुढच्यासाठी चार लाकडं फोडून ठेवा.
बहुतेक जण ठेवतात.
न ठेवणारे वहीत पानभर लिहितात,
सूर्यास्ताबद्दल.

त्याच वहीत एकदा, वाकड्या मोठ्या अक्षरांत:
'दलदलीने माझा बूट खाल्ला. डावा.
आईने पाठीवर घेतलं. तिने शिवी दिली, मी ऐकली.
तानेल, वय ८.'

पुढच्या जुलैत पाणी हातभर खाली गेलं
आणि तो वर आला, पिवळा, चौतीस नंबरचा,
आतून चहासारखं पाणी ओतणारा.
फेकून दे, उर्मास म्हणाला.
मी दाराशेजारच्या खिळ्याला अडकवला.

मग तो हळूहळू सगळ्यांचाच झाला.
कुणी त्यात काडेपेटी ठेवली, कोरडी राहावी म्हणून.
कुणी वहीची पेन्सिल.
लाटवियाच्या एका जोडप्याने सुटे पैसे टाकले,
देवळात आल्यासारखे.
उर्मास निवृत्त झाला, लेकीकडे तार्तूला गेला,
तिथून फोन करून विचारतो: बूट आहे का अजून?

आज वही उघडली.
'बूट माझा आहे. घालून बघितला,
चार बोटंसुद्धा जात नाहीत.
राहू दे इथेच. पेन्सिलीला टोक केलंय.
तानेल, १६.'
आईचं नाव नाही. पाठीवर कोण होतं, कोण नव्हतं,
काही नाही.

सोळा हे वय, की फोडलेली लाकडं?
मागे जाऊन मोजली.
छपराला टेकेपर्यंत रचली होती,
चाळिसाच्या पुढे मी सोडून दिलं.
ताज्या लाकडाचा वास, आणि एका ढलपीवर
थोडंसं रक्त. फोड आला असणार तळहाताला.
हातमोजे आणायचं अजून कळत नाही.

येताना फळ्यांचा हिशेब चुकला.
दोनशेच्या आसपास कुठेतरी मी
मोजायचंच विसरले होते.
उद्या पुन्हा पहिल्यापासून,
बर्फ पडायच्या आत.
आणि एक जोड हातमोजे, मोठ्या मापाचे,
खिळ्याला, बुटाशेजारी.