पाचशे ग्रॅम

पिस्तूल घेतलं ते जुनंच, बेळगावच्या एका मुलाकडून,
बावीस हजारांत, अर्ध्या डबी छर्ऱ्यांसकट.
हवेचं आहे. कुणाला मारत नाही.
दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडतं,
बहुतेक वेळा मला नको तिथे.

कुर्टीच्या त्या गोदामात पूर्वी खत ठेवायचे,
वास अजून गेलेला नाही.
पाच लेन. चारांवर पोरं,
पाचवीवर मी, प्रफुल्ला गावस, वय बेचाळीस,
निरीक्षक, वजनमापे खातं, फोंडा.

सल्ला फुकट मिळतो.
ट्रिगरचा नवा संच घाला मॅडम, सात हजार.
मागची साइट बदला, चार.
नळीपुढे वजन लावा, दीड, हात डुलणार नाही.
फक्त रुद्रेश म्हणतो, स्वस्त पिस्तुलावर खर्च म्हणजे
भाड्याच्या खोलीला संगमरवर,
आणि मोबाइलवर मला इटालियन पिस्तूल दाखवतो
किंमत अंगठ्याने झाकून.

दंडाच्या रद्द पावतीमागे मी बेरीज मांडली.
बावीस, सात, चार, दीड.
साडेचौतीस घातले तरी
विकायला काढलं की ते बावीसचंच.
छे, सोळाचं.
गिऱ्हाईक आतली स्प्रिंग मोजत नाही.

तरी ट्रिगर घेतला.
थकबाकी जमा झाली होती, एवढंच कारण.
जुना ओढताना
गंजलेली कडी काढल्यासारखं वाटायचं.
नवा, श्वास सोडला की सुटायचा.
आठवडाभर नऊ आणि दहा,
नऊ आणि दहा,
मी सगळ्या पोरांना भजीपाव खाऊ घातला.

मग म्हापशाची स्पर्धा.
तपासणीच्या टेबलावर पंच, आणि त्याच्या हातात
आकडा लावलेलं पितळी वजन.
नियम साधा आहे:
ट्रिगरने अर्धा किलो पेलायचा, सुटायचं नाही.
माझ्याने उचलला. टक्.
पुन्हा उचलला. टक्.
तिसऱ्यांदा पंचाने माझ्याकडे पाहिलंच नाही.

मी,
जिने अठरा वर्षं बाजारात फिरून
तराजूच्या पारड्याखालचं लोहचुंबक काढलं,
मापांचे तळ ठोकून पाहिले,
चारशे सत्तरला अर्धा किलो म्हणणाऱ्या
बांगडेवालीचं रडणं ऐकूनही पावती फाडली,
मी भर सभागृहात अर्ध्या किलोला कमी भरले.

"वीस मिनिटं आहेत," पंच म्हणाला, "आवळून आणा."
आवळला. पाव फेरा, मग आणखी पाव.
पेललं एकदाचं.
आता बोटाला लागत होती तीच जुनी कडी,
जरा तेल दिलेली.
सात हजारांचं तेल.
पाचशे सत्तावीस गुण. गेल्या वर्षी पाचशे सव्वीस.

बोरीच्या मिंगेल मेस्ताकडे मी गेले होते
खरं तर देव्हाऱ्याचं दार दुरुस्त करायला.
पिस्तुलाची मूठ सहज दाखवली, तळव्याला लागते म्हणून.
त्याने पिस्तुलाकडे बघितलंसुद्धा नाही.
"बाय, हात दाखय."
अंगठ्याच्या बेचक्यातला घट्टा चाचपला,
शिक्का ठोकून ठोकून आलेला,
मग करंगळी, जी लहानपणी दारात सापडून
वाकडी राहिली,
जिच्याबद्दल आजवर एकाही प्रशिक्षकाने विचारलं नव्हतं.
फणसाचा तुकडा उरला होता कुठल्याशा खाटेचा.
दोन खेपा, साडेतीनशे रुपये,
दाराचे वेगळे.

फायदा झाला का, पोरं विचारतात.
गुण अजून वरखाली होतात, मी खोटं माप देत नाही.
पण उचलते तेव्हा
ते आता शोधत बसत नाही माझ्या हातात जागा.

काल रुद्रेशने धरून पाहिलं.
"टोचतंय ओ मॅडम," म्हणाला,
"हे आता कुणी दहालाही घेणार नाही."

मी छर्रा भरला.