पालथी बादली

लिअँडर बूद्रो नकाशा आणत नाही.
रंगाची रिकामी बादली आणतो,
मोकळ्या गवतात पालथी घालतो.
'बस, डेल्फिन. चहा किती वाजता पितेस?'

मी समुद्राकडे बोट दाखवते.
त्याच्यासाठीच तर ही जमीन घेतली,
हॅलिफॅक्सचा फ्लॅट विकून.

'सगळे तेच म्हणतात,' तो सुतळीचा गुंता सोडवत राहतो.
'फेब्रुवारीत हा समुद्र
खिळ्याच्या भोकातून घरात येतो.
माझ्या बापाने बांधलेली तीन घरं
त्याला पाठ करून उभी आहेत. म्हणून उभी आहेत.'

भांडलो. दोन दिवस तो फिरकला नाही.
तिसऱ्या दिवशी तोड निघाली:
समुद्राला हातभर काच, जिन्यात.
स्वयंपाकघराची मोठी खिडकी मात्र रस्त्याला,
ज्याच्यावरून काहीच जात नाही.

आज पहाटेचे पाच. बर्फ कमरेइतका.
ओट्याशी उभी आहे, केटल ठेवून.
वळणावर पिवळा दिवा गरगरतो,
बर्फ उपसणारी गाडी जरा हळू होते,
आणि आतला कुणी टोपीवाला
हात वर करतो.

मीही करते.

बादली न्यायला लिअँडर विसरला,
की ठेवूनच गेला, कोण जाणे.
बूट घालताना तिच्यावर बसते.